दोघांनीही आधी खूण केली

१

जनूचा हात पट्ट्याच्या रुळात सापडला, तेव्हा पाळी बदलायची वेळ होती. पाळीप्रमुख केरूनं धावत येऊन पट्टा बंद केला म्हणून हात वाचला. बोटं मात्र चेचली. रोह्याजवळच्या त्या कंपनीत पावडरची पोती वाहून नेणारा हा पट्टा. त्याच्याखाली माणूस असेल तर तो सुरूच व्हायचा नाही, अशी सोय कंपनीनं सत्त्याण्णव साली मुद्दाम कॉम्प्युटर बसवून केली होती. माणूस खाली होता आणि पट्टा सुरू झाला होता. असं होऊच शकत नाही, असं सगळे म्हणत होते, आणि जनूचा हात तर फडक्यात बांधलेला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पेणला विमलबाईंच्या दारात सरू येऊन उभी राहिली. कासूहून सकाळच्या गाडीनं आली होती. विमलबाईंनी तिला शाळेत गणित शिकवलं होतं. आता बाई निवृत्त झाल्या होत्या, पूजाअर्चा आणि नेमधर्म यांत दिवस कसा जातो ते त्यांना कळत नसे. त्यांनी सरूला आत घेतलं, पाणी दिलं. सरूनं भांडं तोंडाला लावलंच नाही.

"बाई, दोघातला येकजन खोटं बोलतोय. कोन ते तुमी शोधून द्या."

"आणि शोधलं तर?"

"तर माजं लगीन मोडंल."

"नाही शोधलं तर?"

"तरीबी मोडंल."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पट्टा सुरू करणारा पोपट हा तिचा सख्खा भाऊ. पट्ट्याखाली गेलेला जनू, खांब गावचा, तिचा ठरलेला नवरा. दोघांची मैत्री तिचं लग्न ठरण्याच्या आधीची, किंबहुना सोयरीक जमली ती त्या मैत्रीतूनच. येत्या सोमवारी कंपनीत चौकशी होती. दोघांतल्या कुणी नियम मोडला ते साहेब ठरवणार होते. पोपट खोटा ठरला तर जनूची आई गिरजाबाई त्याच्या बहिणीला उंबरा ओलांडू देणार नव्हती. जनू खोटा ठरला तर पोपट म्हणत होता, स्वतःची चूक माझ्यावर ढकलणाऱ्याच्या घरी मी बहीण देणार नाही.

विमलबाईंनी विचारलं, तुला स्वतःला काय वाटतं? सरूनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मला वाटतं दोगंबी खरं बोलतात. पन साहेब म्हनले, त्ये शक्यच नाय."

२

साहेबांचं म्हणणं बरोबर होतं. हे विमलबाईंना त्याच दिवशी कळलं, आणि तिथंच त्या अडल्या.

त्यांचे धाकटे दीर माधवराव त्याच कंपनीत सुरक्षा अधिकारी होते. बाई रोह्याला त्यांच्या घरी गेल्या. माधवरावांनी चहा पुढे केला आणि वर्गात मुलाला सांगावं तसं वहिनीला समजावून दिलं. दोन जागी दोन पडदे. एक वर, पट्टा सुरू करणाऱ्यासमोर. एक खाली, पट्ट्याशेजारी. प्रत्येक पडद्यामागे त्याचं त्याचं वेगळं कार्ड, म्हणजे त्याचा त्याचा मेंदू. आणि दोघांची मिळून एकच मेमरी. सामायिक पाटीच म्हणा ना. दोघंही तिच्यावरच लिहितात आणि तिच्यावरचंच वाचतात.

नियम साधा होता. पट्ट्याखाली जाणाऱ्यानं आधी लाल खूण करायची, म्हणजे माणूस आत आहे. मग पिवळी खूण दिसते का पाहायचं. पिवळी असेल तर आत जायचं नाही. वरच्यानं आधी पिवळी खूण करायची, म्हणजे पट्टा सुरू होतोय. मग लाल दिसते का पाहायचं. लाल असेल तर बटणाला हात लावायचा नाही.

"आता पोपट म्हणतो, मी आधी खूण केली, मग पाहिलं, लाल नव्हती. जनू म्हणतो, मी आधी खूण केली, मग पाहिलं, पिवळी नव्हती. बरोबर?" विमलबाईंनी विचारलं.

"बरोबर. आणि ते कसं होईल वहिनी? दोघांतल्या एकानं तर नंतर पाहिलं असेल ना? त्यानं पाहिलं तोवर दुसऱ्याची खूण होऊन गेलेली. ती त्याला दिसायलाच हवी. दोघांनाही दिसली नाही म्हणजे एकानं आधी पाहिलं आणि मागून खूण केली. नियम उलटा केला आणि आता सावरून घेतोय."

बाईंनी ते मनातल्या मनात उलटसुलट करून पाहिलं. कुठून फट सापडेना. गणित चोख होतं.

माधवराव पुढे म्हणाले की साहेबांचा संशय जनूवर आहे. कॉम्प्युटरच्या नोंदीत जनूच्या खुणेची वेळ पट्टा सुरू झाल्यानंतरची पडली आहे.

"ती वेळ कुठल्या घड्याळातली?"

"ज्याच्या त्याच्या कार्डातलं घड्याळ असतं."

"आणि खालचं घड्याळ?"

माधवराव जरा हसले. खालचं घड्याळ पुढे जातं की मागे राहतं यावर कामगारांत पैजा लागायच्या, हे त्यांनाही ठाऊक होतं. पाळी सुटायची म्हणजे सगळे वरच्याच घड्याळाकडे पाहत.

"मग भाऊजी, घड्याळं आपण बाजूलाच ठेवू," विमलबाई म्हणाल्या. "कोणी किती वाजता केलं ते नको. कोणी काय पाहिलं, तेवढंच विचारू. पाहिलेल्यावरूनच आधी काय नि नंतर काय ते कळेल."

माधवरावांनी कप खाली ठेवला. वहिनीला गेटातून आत घेण्याची परवानगी त्यांनी साहेबांकडून मिळवून दिली, पण त्याआधी एक गोष्ट सांगितली. खुणा पुसायची किल्ली एकाच माणसाकडे असते. पाळीप्रमुख केरूकडे. आणि त्या वेळी कुठं होतास, या प्रश्नाला केरूनं दोनदा दोन वेगळी उत्तरं दिली होती.

३

आधी बाई खांबला गेल्या. जनू ओट्यावर बसला होता, हात गळ्यात अडकवलेला. गिरजाबाईंनी पाट दिला, पण बाई कुणाकडून आल्यात ते कळल्यावर ओठ घट्ट मिटून शेंगा सोलायला बसल्या.

जनूनं जे घडलं ते सरळ सांगितलं. रुळाला पावडर चिकटली होती, ती खरवडायची होती. लाल खूण केली. ती पडद्यावर उठली, डोळ्यांनी बघितली. मग पिवळ्याच्या जागेकडे बघितलं, मोकळी होती. डोक्याला रुमाल बांधला आणि आत हात घातला.

"तुझी खूण उठलेली तू कुठे पाहिलीस?"

"माज्याच पडद्यावर. आनि कुठं बघनार, बाई?"

पोपटाबद्दल विचारलं तेव्हा त्यानं गळ्यातला हात सावरून घेतला.

"पोपट खोटं बोलनारा नाय. पन मीबी नाय बोललो."

शेंगा सोलता सोलता गिरजाबाई म्हणाल्या, "याला लहानपनापास्नं असंच. सोताचा हात तुटला तरी दोस्ताची कड घेतो."

पोपट भेटला कंपनीच्या गेटाबाहेर, चहाच्या टपरीवर. तो जनूसारखा शांत नव्हता. त्याला निलंबित केलं होतं आणि गावात लोक त्याच्याकडे पाहून बोलणं थांबवत होते. त्याचंही सांगणं तसंच, फक्त वरच्या जागेवरचं. पिवळी खूण केली, आपल्या पडद्यावर उठलेली पाहिली, लालच्या जागी काही नव्हतं, बटण दाबलं.

"जनूनं मागनं केली आसंल खून. घाई झाली आसंल. मी त्याला दोस देत नाय. पन त्यानं सांगावं की तसं."

"आणि तो ओरडल्यावर पडद्यावर काय दिसत होतं?"

पोपटानं चहाचा कप खाली ठेवला. "दोनी व्हत्या. लालबी, पिवळीबी."

कंपनीच्या आत भेटलेला केरू मात्र सुरुवातीपासून नजर चुकवत होता. मध्यम वयाचा, घामेजलेला माणूस. कुठं होतास विचारलं तर आधी म्हणाला गोदामात, मग म्हणाला बाथरूमला. किल्लीबद्दल विचारताच त्यानं ती कमरेची काढून बाईंसमोर टेबलावर ठेवली. जणू तिचाच चटका बसत होता.

विमलबाईंनी किल्लीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की पट्टा बंद करायला धावलास तेव्हा खालच्या पडद्यावर काय होतं. केरूनंही तेच सांगितलं. दोन्ही खुणा होत्या. लखलखीत.

म्हणजे कुणी काही पुसलं नव्हतं. पुसलेली खूण आपली आपण परत कशी उठेल? केरू सुटला. आणि केरू सुटला तसे पोपट आणि जनू पुन्हा समोरासमोर आले.

"मग तू लपवतोयस काय, केरूदादा?"

केरूचा चेहरा पडला. तो पेणचा. पाळीचा अहवाल मुंबईच्या ऑफिसला पाठवायचा तो पाळी संपल्यावर. पण तोवर थांबलं की त्याची गाडी चुकायची. म्हणून तो अहवाल रोज पाळी संपायच्या आधीच कॉम्प्युटरमध्ये सारायचा. त्या दिवशीही तो वरच्या कोपऱ्यातल्या यंत्रावर तेच करत बसला होता. एवढाच गुन्हा.

"तेवड्यासाटी काडून टाकतील म्हनून बोललो नाय, बाई. आवाल जायला लागला की सगळी यंत्रं जरा जड व्हतात, येवडंच. दुसरं काय नाय."

बाईंनी मान हलवली. घरी परतताना गाडीत त्यांना राहून राहून वाटत होतं, की आत्ता कुणीतरी आपल्याला उत्तर सांगितलं आणि आपण ते ऐकलं नाही.

४

विमलबाईंचा रोजचा एक नेम होता. घरचा नैवेद्य देवळात पोचवायचा, देवाला दाखवला गेला की मग जेवायचं. नवरा होता तेव्हापासूनचा नेम. आजवर त्यात खंड पडला नव्हता.

शनिवारी त्या ताट घेऊन गेल्या. दाजी गुरवांनी नेहमीप्रमाणे उंबऱ्यापाशी ताट घेतलं, बाईंनी हात जोडले, घरी आल्या, पान वाढून घेतलं. पहिला घास घेतला आणि आठवलं, देवळात झाकणी विसरली. जेवून उठल्यावर त्या पुन्हा गेल्या. पाहतात तो त्यांचं ताट मंडपातल्या ओट्यावर तसंच झाकलेलं. शेजारी आणखी चार घरांची ताटं. आत कुणाचा तरी अभिषेक चालला होता. तो संपेपर्यंत दाजींना गाभाऱ्यात जायला वाट नव्हती, म्हणून त्यांनी आलेली ताटं बाहेर ओळीनं मांडून ठेवली होती.

बाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. नेम मोडला होता. देवाच्या आधी आपण जेवलो.

दाजींनी त्यांचा चेहरा पाहिला आणि समजूत घातली. "आवो बाई, तुमी दिला ना? तुमच्या बाजूनं झाला की. रोजच थोडं मागंपुढं व्हतं. आत मोकळं झालं की मी समदी एकदम न्हेतो."

"रोजच?"

"गर्दी आसली की."

विमलबाई तिथंच पायरीवर बसल्या. इतकी वर्षं त्या ताट देत होत्या आणि समजत होत्या की पोचलं. दिलं त्या क्षणी त्यांच्यापुरतं ते झालेलंच असे. जगात फक्त त्यांच्यापुरतं. शेजारचा एखादा माणूस त्याच वेळी गाभाऱ्यात डोकावला असता, तर त्याला देवापुढं बाईंचं ताट दिसलंच नसतं. आणि तो बाहेर येऊन म्हणाला असता, विमलबाईंचा नैवेद्य आला नाही. तो खोटं बोलला नसता. मी दिला म्हणणाऱ्या बाईही खोटं बोलल्या नसत्या.

देवापुढं नाक घासून त्यांनी क्षमा मागितली. मग चपला पायात सरकवल्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून माधवरावांना फोन लावला.

"भाऊजी, खूण केली की ती सामायिक मेमरीत जाते म्हणालात. जाते, की पोचते?"

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"वहिनी," माधवराव म्हणाले, "ही यंत्रं मीच पसंत केली होती."

५

रविवारी कंपनी बंद होती. माधवरावांनी पट्ट्याची वीज तोडायला लावली, दोनदा स्वतः तपासली. केरूला बोलावून घेतलं. माधवराव खालच्या पडद्यासमोर उभे राहिले, विमलबाई वरच्या. मध्ये आतला टेलिफोन. ठरलं असं, की दोघांनी एकदमच खूण करायची, लगेच दुसऱ्याच्या खुणेची जागा पाहायची आणि दिसेल ते बोलायचं.

आधी केरूला स्वस्थ बसवलं. दोघांनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. कधी बाईंना लाल दिसे, कधी माधवरावांना पिवळी, कधी दोघांनाही दिसे. दोघांनाही न दिसणं असं एकदाही झालं नाही. माधवरावांच्या आवाजात हायसं वाटलेलं ऐकू येत होतं. साहेबांचं गणित खरं ठरत होतं, आणि त्यांची पसंतीही.

"आता केरूदादा, तुमचा अहवाल पाठवा."

यंत्र गुणगुणू लागलं. पहिल्या खेपेला काही झालं नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही. मग पुढच्या एका खेपेला विमलबाईंनी पिवळी खूण केली. ती त्यांच्या पडद्यावर झळकन उठली. त्यांनी लालच्या जागेकडे पाहिलं. मोकळी.

"मी केली खूण. तुमची दिसत नाही," त्या फोनवर म्हणाल्या.

तेच शब्द त्याच वेळी फोनमधून त्यांच्या कानावर येत होते. "मी केली वहिनी. तुमची दिसत नाही."

दोघंही थांबले. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत, अगदी सावकाश, आळस दिल्यासारखी, लाल खूण वरच्या पडद्यावर उठली. खाली पिवळी उठली असणार, कारण माधवरावांचा श्वास ऐकू आला.

"वहिनी," ते म्हणाले, "मी आत्ता खोटं बोललो का?"

"नाही भाऊजी. आणि मीही नाही."

माधवराव जिना चढून वर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि हळू आवाजात सगळं मांडून दाखवलं. खूण केली की ती आधी त्या त्या कार्डाच्या खिशात पडते. कार्ड आपल्या माणसाला लगेच सांगतं, झाली. सामायिक पाटीकडे जाणारी वाट मोकळी असली, तर खिशातलं तत्काळ पाटीवर जातं आणि फरक कळत नाही. पण केरूच्या अहवालानं वाट अडली, की खूण खिशातच तिष्ठत राहते. वाचायला मात्र तिष्ठावं लागत नाही. पाटी वाचली जाते, आणि पाटीवर तर अजून कुणाचंच काही आलेलं नसतं. पोपटानं रीतसर आधी खूण केली, मग पाहिलं. जनूनंही तसंच. दोघांनी नियम पाळला. यंत्रानं तो पाळला नाही. त्यानं त्यांचं लिहिणं मागे ठेवलं आणि वाचणं पुढे काढलं.

"मग पहिला कोण?" माधवरावांनी विचारलं. "साहेब तेच विचारणार. आधी कुणी केलं?"

"कुणीच नाही. एकाची वार्ता दुसऱ्याला पोचलेलीच नव्हती, तर त्यांच्यात आधी आणि नंतर असं काही नाहीच. साहेबांना उत्तर मिळत नाही, कारण त्यांचा प्रश्न चुकला आहे."

उपायही त्यांनी सांगितला. खूण पाटीवर पोचल्याची उलट पोच आल्याशिवाय कार्डानं पाटी वाचूच द्यायची नाही. थोडं थांबावं लागेल. थांबावं.

केरू कोपऱ्यात उभा राहून डोळे पुसत होता. माधवराव त्या पडद्याकडे पाहत बसले. उद्याच्या चौकशीत हे मांडायचं म्हणजे यंत्र निवडताना हे मी विचारलंच नाही, हे दहा जणांसमोर म्हणायचं. न मांडायचं म्हणजे फक्त गप्प बसायचं. जनूच्या नावावर शेरा पडला असता आणि कुणाला काही कळलं नसतं. वहिनीनं तर काही मागितलंही नव्हतं. त्या आपली पर्स बंद करत होत्या.

"सोमवारी तुम्ही येऊ नका, वहिनी," ते म्हणाले. "माझं मला बोलू द्या."

६

चौकशीत माधवराव काय बोलले, ते विमलबाईंना त्यांनी कधी शब्दशः सांगितलं नाही. पोपट कामावर परत आला, जनूच्या नावावर शेरा पडला नाही, एवढं कळलं. साहेब माधवरावांशी पुढे कित्येक महिने कामापुरतंच बोलत, हेही कळलं.

त्याच आठवड्यात माधवराव खांबला गेले. बाईंना बरोबर घेतलं, आणि वाटेत पोपटालाही. पोपट अंगणातच घुटमळला. गिरजाबाई दारात उभ्या होत्या, बाजूला होईनात.

माधवरावांनी ओट्यावर बसून त्यांना सगळं समजावलं. खिसा, पाटी, अडलेली वाट. गिरजाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे माजा ल्योक खरा, आन ह्योबी खरा."

"हो, मावशी."

"मंग हात चेचला त्यो कुनामुळं?"

विमलबाईंनी माधवरावांकडे पाहिलं. हे उत्तर बाईंनी द्यायचं नव्हतं.

"ते यंत्र मी पसंत केलं होतं," माधवराव म्हणाले. "नीट विचारून घ्यायला हवं होतं. नाही विचारलं."

गिरजाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. शहाणासुरता, डोक्याला टक्कल पडलेला माणूस, परक्याच्या ओट्यावर मान खाली घालून बसलेला. त्या आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात जेवणाचं ताट होतं, भात आणि वालाची आमटी कालवण्याजोगी गरम. ते त्यांनी माधवरावांना दिलं नाही, जनूसमोरही ठेवलं नाही. अंगणात उतरून पोपटाच्या हातात दिलं.

"त्याचा उजवा हात चालंना अजून. मला कामं हायत. तू भरव."

पोपट ओट्यावर चढला, जनूसमोर मांडी घालून बसला. भात कालवताना थोडी आमटी ताटाबाहेर सांडली. जनू त्याच्याकडे बघत राहिला. दोघांनी इतके दिवस एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

"आधी चव बघ," जनू म्हणाला. "मंग भरव. मागनं सांगू नको, मी बघितली व्हती म्हनून."

पोपट हसला की रडला, ते विमलबाईंना नीट कळलं नाही. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. पहिला घास जनूच्या तोंडात गेला तशा गिरजाबाई आतून म्हणाल्या,

"गपचूप खा. सरू घरात आली की ती भरवील. तवर ह्येच्याच हातचं ग्वाड मानून घे."